चित्रं बंद ठेवणारे साडभाऊ

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मागच्या हिवाळ्यात मी माझ्या साडभावांवर, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांवर, एक गमतीदार लेख लिहिला. भंडाऱ्याच्या ज्या बातम्यांच्या संकेतस्थळावर माझं रविवारचं सदर येतं तिथेच तो आला. हे तुम्ही वाचताय तेही तिथेच आहे. त्या लेखातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. चुकून खोटं झालं नव्हतं. लिहिताना ते खोटं आहे हे मला नीट माहीत होतं, आणि तरी मी लिहिलं, कारण त्याने लेखाचा शेवट झकास होत होता. मी शाळामास्तर आहे. आठवीच्या वर्गाला रोज सकाळी खरं बोलायला सांगतो आणि दुपारी पगारी हसू आणण्याच्या नादात असली कामं करतो. ते वाक्य कोणतं, हे योग्य जागी येईल. इतक्यात हात धजत नाही. फक्त एवढं की या वेळी मी संपादकांना हात जोडून सांगितलं आहे, लेखात एकही चित्र टाकू नका. का, तेही कळेल.

भंडारा जिल्ह्यात सगळ्यात कमी इंटरनेट खर्चून सगळ्यात जास्त इंटरनेट वाचलेला माणूस म्हणजे माझे साडभाऊ, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीतून ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्याकडे जो बटणांचा मोबाइल होता तोच आजही आहे. 'तोच' म्हणजे काय, हे जरा सोडवून सांगायला हवं. मागचं झाकण दोनदा बदललं. तिसरं कुठे मिळेना म्हणून बॅटरी औषधाच्या दुकानातल्या रबराने बांधली आहे. पाचाचं बटण केव्हाच गळून गेलं. तिथे जुन्या चपलेचा तुकडा कापून बसवला आहे, आणि तो दाबायची वेळ आली की साडभाऊ खालचा ओठ दातांखाली धरतात. पडदा काड्यापेटीएवढा. त्याच्यावर डावीकडून उजवीकडे एक चीर गेलेली आहे. दुसरा कोणी असता तर हळहळला असता, साडभाऊ म्हणतात, "बरं झालं, ओळ सरळ वाचता येते." हा ऐवज ते चष्म्याच्या डबीत ठेवतात. चष्मा उघडाच खिशात असतो. त्याच्या काचांवर इतके चरे पडले आहेत की फोनवरची चीर कोणती आणि चष्म्यावरची कोणती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

या फोनवर एक हलका ब्राउझर आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आपण एखादं पान मागितलं की हा ब्राउझर ते थेट आणत नाही. दूर कुठेतरी एक मोठं यंत्र बसलेलं असतं, ते आधी ते पान घेतं, पिळून पिळून त्याचा सगळा फुगवटा काढतं आणि उरलेला वाळका मजकूर फोनकडे पाठवतं. इतकं करूनही साडभावांचं समाधान झालं नाही. ब्राउझरमध्ये आत कुठेतरी 'चित्रं बंद' अशी एक सोय आहे. ती त्यांना सापडली त्या दिवशी, ताईंच्या सांगण्यानुसार, ते दुपारी जेवले नाहीत. ताई म्हणजे माझी थोरली मेव्हणी, त्यांची बायको. त्या दिवसापासून साडभावांच्या जगात चित्र नाही. जिथे चित्र असायला हवं तिथे एक रिकामा चौकोन येतो, आणि त्या चौकोनाकडे ते, नवस फेडून आलेला माणूस पायरीकडे पाहतो तसे समाधानाने पाहतात. पानाच्या तळाशी आपण किती वाचवलं याचा आकडा दिसतो. ते बातमी आधी वाचत नाहीत. आधी तो आकडा वाचतात.

"फोटो म्हंजे कसा हाये मास्तर," त्यांनी मला एकदा समजावलं होतं, "पंगतीत चार मानसायची जागा धरून बसते, आन बोलत काईच नाई."

हा स्वभाव कुठून आला, तेही सांगतो. खाणीत ते वाइंडर चालवायचे. माणसं आणि माल खाली सोडणारा, वर काढणारा जो पिंजरा असतो, त्याचं यंत्र वर एका खोलीत असतं, आणि ते चालवणाऱ्याला पिंजरा दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. त्याला फक्त घंटी ऐकू येते. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की सोड. तीन वाजल्या म्हणजे आत माणसं बसली आहेत, जपून. साडभावांनी एकतीस वर्षं याच घंट्यांवर माणसं खाली सोडली आणि वर काढली. "तोंड पाहून एकालेई नाई काढलं," ते छाती पुढे काढून सांगतात, "घंटीवर काढलं." एवढ्यावर तो विषय संपला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण या माणसाने तोच नियम घरात आणला, नात्यागोत्यात आणला, लग्नाच्या पंगतीत आणला. एखाद्याने एखादी गोष्ट रंगवून सांगायला घेतली की ते बोटं वर करतात, एक, दोन, तीन, म्हणजे 'कामाचं काय ते सांगा'.

ब्राउझर हलका असला तरी चिखल्यात रेंज त्याहून हलकी. साडभावांच्या घरामागे एक बोडी आहे, शेताला पाणी द्यायचा लहान तलाव. तिच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली एक दगड आहे. त्या दगडावर उजवा पाय आणि झाडाच्या मुळीवर डावा पाय ठेवला की फोनवर दोन काड्या येतात. पाय बदलला की एक. सकाळी साडेसात वाजता साडभाऊ तिथे उभे राहतात, पत्ता टाकतात, बटण दाबतात आणि फोन झाडाच्या ढोलीत ठेवून म्हशीला पाणी पाजायला निघून जातात. पान येतंय की नाही हे पाहत उभं राहणं त्यांना मंजूर नाही. मी एकदा तिथे उभा राहून त्या सरकणाऱ्या पट्टीकडे टक लावली होती, तर म्हशीकडून ओरडले, "पाहू नोका जी! पाहून राह्यलं का येत नाई ते!" आणि खरं सांगतो, मी तोंड फिरवलं आणि ते आलं. माझ्या शहाणपणाला यामुळे जो धक्का बसला, त्याचा सूड मी पुढे घेतला असावा असं आता वाटतं.

त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या वस्तूंचं एकच माप आहे: केबी. बातमी चौदा केबीची, पावसाचा अंदाज नऊ केबीचा, इथवर ठीक. पण ते माणसंही केबीत मोजतात. आमचे सासरे वारले तेव्हा तेरवीला नात्यातल्या एका पुढाऱ्याने श्रद्धांजलीचं लांबलचक भाषण केलं. सगळे डोळे पुसत होते. साडभाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दोनशे केबीचं भाषन झालं, मजकूर तीनचा." मला हसू आवरेना, आणि नेमकं तेव्हाच सासूबाईंनी पाहिलं. त्या मला अजून त्यावरून ऐकवतात. साडभावांना कधी काही बोलल्या नाहीत. माझ्याबद्दल साडभावांचं मत असं की मास्तर म्हणजे चांगलं पान आहे, पण बाजूने जाहिराती फार.

आता त्यांची सगळ्यात मोठी फजिती. शेताच्या सातबाऱ्याचा उतारा काढायला म्हणून ते एकदा एका सरकारी पानावर गेले. पानाने विचारलं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. खालच्या चित्रांपैकी ज्यांत रस्त्यावरचे दिवे आहेत ती निवडा. साडभावांना दिसले नऊ रिकामे चौकोन. दुसऱ्या कोणी चित्रं चालू केली असती. साडभाऊ विचार करत राहिले. मग म्हणाले, चौकोन तर सगळे सारखेच आहेत, एकाला घ्यायचं आणि दुसऱ्याला सोडायचं हे बरोबर नाही, आणि त्यांनी नऊच्या नऊ निवडले. पानाने सांगितलं, तुम्ही माणूस नाही. त्यांनी पुन्हा नऊ निवडले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी ते घरात आले आणि ताईंना म्हणाले, "हे म्हनते मी मानूस नाई." ताई भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी लग्नापासून सांगून राह्यली. माह्यावर भरोसा नाई, पन त्याच्यावर हाये."

हे सगळं एका माणसाच्या खिशापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण साडभावांनी यातून गावाला कामाला लावलं. खाणीच्या वसाहतीपाशी एक पानठेला आहे, तिथे पाळी सुटली की माणसं थांबतात. त्या ठेल्याच्या भिंतीवर एक जुना शाळेचा फळा टांगलेला आहे. रोज सकाळी बोडीच्या पाळीवर वाचलेलं सगळं साडभाऊ साडेनऊला तिथे येऊन खडूने उतरवतात. अक्षर असं की माझ्या शाळेतल्या तीन शिक्षकांनी येऊन शिकावं. त्या तिघांत मी धरून. तुमसरला कोणती गाडी उशिरा आहे, धान खरेदी केंद्र कधी उघडणार, नाकाडोंगरीच्या रस्त्यावर वाघ दिसला, दहावीचा निकाल लागला, असं सगळं. आणि प्रत्येक बातमीखाली कंसात तिचे केबी. त्यांचा एक कायदा आहे: जे आलं ते तसंच लिहायचं. गाळायचं नाही, घालायचं नाही. त्यांचा सख्खा पुतण्या दहावीत दोन विषयांत राहिला, तेव्हा त्यांनी त्याचा नंबर इतर नापासांबरोबर फळ्यावर लिहिला. भावाने वर्षभर अबोला धरला. साडभाऊ म्हणाले, "निकाल म्या नाई लावला, म्या निस्ता उतरवला."

या कायद्याची परीक्षा एका नोव्हेंबरात झाली. हवामानाचं जे पान ते वाचायचे, त्या पानवाल्यांना सुधारणा सुचली आणि त्यांनी शब्द काढून चित्रं टाकली. ऊन असेल तर सूर्य, पाऊस असेल तर ढग. साडभावांना काय दिसणार? त्यांनी फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिलं: 'सोमवार: चौकोन. मंगळवार: चौकोन. बुधवार: चौकोन. (६ केबी)'. धान कापून बांध्यांत पडला होता. शेतकरी फळ्यासमोर उभे राहिले. चौकोन म्हणजे काय, कोणालाच माहीत नव्हतं, पण तीन दिवस ओळीने आहे म्हणजे गोष्ट साधी नाही, एवढं सगळ्यांना पटलं. एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या बापाच्या काळात असाच एक चौकोन आला होता. दुपारपर्यंत सगळ्यांनी धानाचे पुंजणे रचून त्यांवर ताडपत्र्या टाकल्या. मंगळवारी खरंच पाणी आलं. पलीकडच्या गावांतला धान भिजला, चिखल्याचा वाचला. आजही तिकडे आभाळ भरून आलं की माणसं म्हणतात, "चौकोन दिसून राह्यला जी." साडभावांना यात विनोद काय आहे ते अजून कळलेलं नाही.

आता मला त्या वाक्यापाशी यायलाच हवं.

त्यांना एकच मुलगी. ती पुण्याला असते. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं, म्हणून ताईच महिनाभर आधी तिकडे गेल्या. मुलीने आईबापांसाठी एक मोठा स्मार्टफोन घेऊन दिलेला होता. तो ताई बरोबर घेऊन गेल्या आणि साडभाऊ म्हैस, फळा आणि आपली चष्म्याची डबी घेऊन घरी राहिले. नात झाली. फोटो आमच्या घरच्या गटावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊ चिखल्याहून बसने वरठीला उतरले आणि त्यांनी मला फोन केला, गाडीत चढवून द्यायला या. मी मोटरसायकलने स्टेशनवर गेलो. एका हातात चिन्नोर तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, अंगावर लग्नाकार्याचा सदरा. आरक्षण नव्हतं. अठरा तास साध्या डब्यात बसून जायचं होतं. मी कौतुकाने खिशातून माझा मोठा फोन काढला, म्हटलं, "भाऊजी, हे पाहा तुमची नात." त्यांनी डबा खाली ठेवला आणि झटकन माझ्या फोनवर पंजा ठेवला. सगळा पडदा झाकला.

"थांबा मास्तर. पयले सोताच्या डोऱ्यानं पाहू द्या."

पाच दिवसांनी परत आले तेव्हाही मीच घ्यायला गेलो होतो. मी विचारलं, कशी आहे? मला वाटलं आता केबी ऐकायला मिळणार. ते मोटरसायकलवर मागे बसले. वरठीचा पूल ओलांडल्यावर माझ्या पाठीमागून आवाज आला, "हलकी हाये." थोड्या वेळाने पुन्हा, "लय हलकी हाये अजून. हातात घेतली तं कळलंच नाई का घेतली." मोटरसायकलच्या आरशात पाहिलं, तर ते दोन्ही तळवे उघडे धरून त्यांच्याकडे पाहत होते.

हे सगळं पाहिलेल्या माणसाने दोन महिन्यांनी लेख लिहिला. वर सांगितलेलं सगळं त्यात होतं, फोन, म्हैस, केबी, चौकोन. फक्त वरठी नव्हती. आणि शेवट करायचा होता. शेवटी असं काहीतरी हवं होतं की वाचणारा खो खो हसेल आणि जरा दचकेलही. मी लिहिलं: 'पहिल्या नातीचा फोटो आला तेव्हा या गृहस्थाने चित्रं बंदच ठेवली, रिकाम्या चौकोनाकडे पाहून "बापावर गेली आहे" म्हणाला, आणि पंचेचाळीस केबी वाचवल्याच्या आनंदात आजतागायत त्याने नातीचं तोंड पाहिलेलं नाही.' लिहून झाल्यावर मी बायकोला वाचून दाखवलं नाही. माझा विवेक तेवढा जागा होता; म्हणजे चोरी लपवण्यापुरता.

नाव घातलं नव्हतं, आणि मनात पक्कं होतं की साडभाऊ ते कधीच वाचणार नाहीत. आमचं संकेतस्थळ इतकं जड आहे की माझ्या नव्या फोनवरही ते उघडताना गोल फिरत राहतं. सिमेंटच्या, कोचिंग क्लासच्या, दागिन्यांच्या जाहिराती उड्या मारून अंगावर येतात. ते पान त्या चपलेच्या बटणाच्या फोनवर कसलं उघडतंय! मी एक गोष्ट विसरलो. तो ब्राउझर नेमका यासाठीच बनवलेला आहे. त्याने सिमेंट गाळलं, क्लास गाळले, दागिने गाळले, आणि माझा मजकूर तेवढा जसाच्या तसा मोहाच्या झाडाखाली नेऊन दिला.

मला हे कळलं ते उलट्या बाजूने. आधी पुण्याहून भाचीचा फोन आला. ती रडत होती. तिच्या सासरच्या कोणीतरी तो लेख वाचून तिला विचारलं होतं, तुझ्या बाबांनी खरंच अजून तोंड पाहिलं नाही का? ती म्हणाली, "काका, बाबा इथे तीन दिवस होते. बाळाला खाली ठेवत नव्हते. तुम्हाला तर माहीत होतं." मी म्हणालो, अगं, गंमत असते, लेखात थोडं इकडेतिकडे चालतं. तिने फोन ठेवला. मग मी ताईंना फोन लावला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलून त्या एवढंच बोलल्या, "मास्तर, तुमी लेकराले चौकोन म्हनलं." आणि बंद केला. बायकोने सगळं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "चिखल्याले जा. फोनवर नोका बोलू. जा."

त्या रविवारी गेलो. मोहाडी, तुमसर, नाकाडोंगरी, सगळ्या रस्त्याने मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. प्रत्येक वाक्यात 'पण' येत होतं. चुकलं, पण हेतू वाईट नव्हता. माफ करा, पण नाव घातलं नव्हतं. पानठेल्यापाशी पोचलो तेव्हा पाळी सुटली होती. फळ्यासमोर दहाबारा माणसं उभी होती आणि हसत होती. मीही सवयीने फळ्याकडे पाहिलं. तिथे, त्या देखण्या अक्षरात, मी होतो.

'भाग सहावा,' असं वर लिहिलेलं होतं. खाली माझी वाक्यं. माझा स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नव्हता. साडभाऊ आठवडाभर रोज सकाळी येऊन माझा लेख, स्वतःची टिंगल, स्वतःच्या हाताने चिखल्याच्या फळ्यावर उतरवत होते. पाचाचं बटण झालं होतं, म्हैस झाली होती, आज चौकोन चालला होता. ते पाठमोरे होते, हातात खडू होता, लिहीत होते.

"हे पाहा, लिहिनारे आले जी!" पानवाला ओरडला. सगळे वळले. एकजण म्हणाला, "सर, लय हासलो. त्या मानूस नसल्याच्या भागाले तं माह्या पोटात दुखलं." त्याला खरंच आवडलं होतं. तेच सहन झालं नाही.

साडभाऊ वळले. खडूचे हात धोतराला पुसले. "आले का? बसा. दोन ओरी राह्यल्या."

मी त्यांना बाजूला घेतलं. "भाऊजी, हे काय करता? कायले लिहिता?"

"आलं म्हनून."

"तुमच्याबद्दल आहे ते!"

"मालूम हाये. पुतन्याचा नंबर लिवला, आता आपला गाळू काय?" त्यांनी चष्म्याची डबी उघडून फोन दाखवला. लेख साठवून ठेवलेला होता. "अकरा केबी. बाकी पान चार एमबीचं होतं म्हनते. म्या निस्ते तुमीच ठेवले." मग डबी मिटत, "वाचनाऱ्यायनं खाली लिवलं, तेई वाचलं. त्याचे सात येगळे."

मला माहीत होतं दोन ओळी कोणत्या राहिल्या आहेत. म्हणालो, "तेवढं शेवटचं सोडा. तेवढं नका लिहू. मी पाया पडतो."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या चरे पडलेल्या काचांतून त्यांना मी किती दिसत होतो कोण जाणे. "मास्तर, तीन घंट्या वाजल्या तं तीनच. आवडत नाई म्हनून म्या दोन समजून घेतल्या असत्या, तं खालच्या मानसायचं काय झालं असतं?" मग आवाज उतरवून, लोकांना ऐकू जाऊ नये असा, त्यांनी विचारलं, "खोटं हाये, हे तुमाले लिवतानी मालूम होतं?"

"होतं."

"मंग?"

"हसू येईल म्हणून."

त्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. "आलं न. सगळे हासले." खडू बोटांत फिरवत राहिले. "पोरीले नाई आलं."

आणि ते फळ्याकडे गेले. त्यांनी ते वाक्य लिहिलं. एकही शब्द न बदलता, सगळ्यांसमोर, माझ्यासमोर. 'आजतागायत त्याने नातीचं तोंड पाहिलेलं नाही.' पूर्णविराम दिला. कंसात केबी लिहिले. या वेळी कोणी हसलं नाही, कारण साडभाऊ पुण्याला गेले तेव्हा पाच दिवस फळा कोरा राहिला होता तो कशासाठी, हे त्या वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं. खाली वीतभर जागा उरली होती. साडभावांनी त्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खडू पुढे केला.

"घ्या. थोडक्यात लिवा. जागा कमी हाये."

वीस वर्षं मी फळ्यावर लिहितो आहे. मोटरसायकलवर जुळवलेल्या वाक्यांमधलं एकही आठवेना, आणि ते बरंच झालं. अक्षरं वर चढत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, सरळ." साडभावांनी त्याला हाताने गप्प केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेच्या आणि धानाच्या बातम्यांसाठी तो फळा पुसला गेला असणार, म्हणून तिथे जे लिहिलं ते इथेही उतरवून ठेवतो. गाळत नाही, घालत नाही:

'वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. नातीचं तोंड पाहायला हे अठरा तास बसून गेले. मीच त्यांना वरठीला गाडीत चढवलं. मला माहीत होतं. भाऊजी, ताई, पोरी, माझं चुकलं. मला माफ करा.'

मी खडू ठेवला. साडभाऊ पुढे आले. त्यांनी सगळं एकदा, बोट ठेवून, शब्द शब्द वाचलं. मग तोच खडू उचलून माझ्या माफीच्या खाली, प्रत्येक बातमीखाली घालतात तसा, त्यांनी कंस घातला आणि आत लिहिलं: (अर्धा केबी).